चोराला मत द्या, असं स्टिकर!

संपादक साहेब,
अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याचे दिवंगत माजी गव्हर्नर (तिथे हे राज्याचं निवडून येणारं प्रमुखपद) एडविन एडवर्ड्स यांच्यावर कोणी लिहिलं की रंगेल, हजरजबाबी म्हातारा एवढंच येतं, ते काही पटत नाही बुवा. माणूस 4 वेळा गव्हर्नर झाला, 1980च्या दशकात हॉस्पिटल परवान्यांच्या केसमध्ये आधी ज्युरीचं एकमत होईना आणि मग 1986ला निर्दोष सुटला, वर जुगाराचा नाद जगजाहीर. तरी 1991ला लोकांनी परत निवडून दिलंच, कारण समोर होता डेव्हिड ड्यूक, कू क्लक्स क्लॅन ह्या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेचा माजी म्होरक्या! तेव्हा गाड्यांवर चक्क स्टिकर लागले होते, चोराला (म्हणजे एडवर्ड्सला) मत द्या, महत्त्वाचं आहे म्हणून. लोकांचं मला चुकीचं वाटत नाही, पण पुढे ह्याच माणसाने कॅसिनोच्या लायसन्ससाठी पैसे उकळले, अमेरिकन फुटबॉल टीमचे तेव्हाचे मालक एडी डीबार्टोलो यांनी तर 4 लाख डॉलर कॅश दिल्याचं सांगितलं, 2000 मध्ये दोषी ठरला आणि 8 वर्षांहून जास्त आत काढली (सुटल्यावर तिसरं लग्न, ते वेगळंच). ह्यात गंमत कसली? 2014ला, 87 वर्षांचा असताना, काँग्रेससाठी (म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी) परत उभा राहिला, तेव्हा मात्र पडला.
– एक वाचक