प्रयोगशाळेतील बेडकांना जपणाऱ्यांचे आभार

नाशिकच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकताना प्रयोगशाळेत निरीक्षणासाठी ठेवलेल्या बेडकांची देखभाल माझ्याकडे होती. ती ज्यांच्यामुळे निभावली, त्या सर्वांचे नावे न घेता मनापासून आभार मानतो.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, तो ते त्वचेतून शोषतो आणि म्हणूनच नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्याला बाधते. पंचवटीतील ज्या आजींनी आपल्या वाड्यातील विहिरीचे पाणी आम्हाला हवे तेव्हा भरू दिले, त्यांचे उपकार मोठे आहेत. बेडकाला हलणारे भक्ष्यच लागते. मेलेला किडा पुढ्यात असला तरी स्वारी ढिम्म हलत नाही. मखमलाबादच्या शेतकरीदादांनी औषध न फवारलेल्या घासात आम्हाला नाकतोडे पकडू दिले आणि पोरे बेडकांसाठी राबतात म्हणून हसत हसत मदतही केली.

सर्वाधिक ऋणी आहे तो प्रयोगशाळेतील परिचर काकांचा. दिवाळीच्या सुटीतही ते टाक्या स्वच्छ करण्यासाठी येत. घास गिळताना बेडकाचे डोळे आत ओढले जातात आणि टाकलेली कात तो स्वतःच खातो, हे पुस्तकाआधी मला त्यांनी दाखवले. पावसाळ्यात नर पिवळेधमक झाले की ते कार्यालयातील सर्वांना बोलावून आणत. शिस्तीला ते धरून नव्हते, पण मला आवडे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील तरतुदी आणि परवानगीची कागदपत्रे शांतपणे समजावणाऱ्या वनकर्मचाऱ्यांचाही मी आभारी आहे.