भुईचाफा खणू नकोस

आर्वी, जि. वर्धा
माघ वद्य पंचमी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

क्वार्टरच्या आवारात लावलेला भुईचाफा मेला, आता ती जागा खणून तिथे गुलाब लावतो, असे तू कळवलेस. कुदळ हाती घेण्याआधी हे पत्र वाच. थंडीत त्याची पाने पिवळी पडून वाळतात आणि पुढे वर काडीसुद्धा उरत नाही, हा त्याचा दरवर्षीचा नेम आहे. तो हळदीच्या कुळातला असल्यामुळे जमिनीखालचा गड्डा आणि मुळांना लोंबणाऱ्या गोल गाठी यांत त्याने आपली शिदोरी राखून ठेवलेली असते. (लिनीयस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली भुईचाफ्याच्या शास्त्रीय नावात ‘रोटुंडा’, म्हणजे गोल, हा शब्द घातला.)

चैत्र-वैशाखात, जेव्हा आपल्याकडे उन्हाने माती तडकलेली असते, तेव्हा पान एकही नसताना थेट भुईतून फूल वर येते. त्याच्या पाकळ्या पांढऱ्या, अरुंद असतात आणि खालची रुंद पाकळी जांभळी असते. सुवास असा की घरामागची सांदवाडी झाडताना तुझी आजी खराटा ठेवून तिथेच बसायची. एक फूल दिवसभरच टिकते, पण शेजारून दुसरे उमलते. पाने नंतर येतात. वरून चंदेरी छटांची आणि खालून जांभळी.

मीही एकदा घाई केली होती. हिवाळ्यात जागा ओसाड दिसते म्हणून रोज तांब्याभर पाणी ओतत राहिलो आणि उकरून पाहिले तर गड्डे कुजून गिळगिळीत झालेले. आजी एवढेच म्हणाली, “झोपलेल्याला पाणी पाजू नये.” शेजारच्या काकूंच्या अंगणातून तिने पुन्हा एक गड्डा मागून आणला, आज आहे ते सारे त्याचेच.

तेव्हा कोंबाचे टोक दिसेपर्यंत पाणी देऊ नकोस. तुमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून पुढे गड्डे वेगळे करशील तेव्हा तीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळ, गड्डा दोन-तीन बोटेच खोल लाव आणि दुपारी झाडाची सावली पडेल अशी जागा निवड. रानातून मात्र उपटून आणू नकोस; लागतील तेवढे मी देईन.

आई सांगते की जागेभोवती आजच चार विटा मांड, म्हणजे अंगण झाडणाऱ्याच्या खराट्याने कोंब मोडणार नाही.

तुझे बाबा