टीव्हीसाठी एक शिफारस

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "काय? कोण?" करत माझा अर्धा तास घेतला असता, म्हणून लिहूनच पाठवते. मी रविवारी आले की टीव्हीवर 'सिंगिंग इन द रेन' लावून देणार आहे. १९५२ चा सिनेमा. बाबा, इंग्रजी म्हटलं की तुम्ही लगेच पेपर उघडता, पण यातली निम्मी गंमत भाषा न कळताही कळते.

गोष्ट १९२७ ची. हॉलिवूडमध्ये बोलपट आले आणि मूकपटांतले नट-नट्या धास्तावले. लीना लॅमोंट दिसायला अप्सरा, पण तोंड उघडलं की मांजरीच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज! तिच्या पहिल्या बोलपटाच्या शूटिंगला माइक झुडपात लपवतात, तर ही बोलताना मान वळवते आणि अर्धं वाक्य गायब. कपड्यात लपवला तर तिच्या छातीची धडधडच ऐकू येते. पुढे निर्माता येतो, जमिनीवरची वायर बघून 'हे काय धोकादायक' म्हणत हिसडा देतो आणि बाईसाहेब उताण्या! सिनेमा लोकांना दाखवतात तेव्हा आवाज मागेपुढे होतो, लीनाच्या तोंडी खलनायकाचा जाडा आवाज आणि त्याच्या तोंडी तिचा. मी इथे एकटीच बघत होते, तरी मोठमोठ्याने हसले.

मग कॅथी नावाची होतकरू मुलगी पडद्यामागून लीनाला आवाज देते. आई, लताबाईंच्या गाण्यांवर वाढलेल्या आपल्याला वाटतं, यात एवढं लपवायचं काय? नाव द्यायचं आणि मोकळं व्हायचं. पण लीनाला नेमकं नावच द्यायचं नसतं. खरी मारामारी तिथे आहे.

आणि खरी मजा पुढेच. कॅथी झालेल्या डेबी रेनल्ड्सचा त्यातल्या एका गाण्याला आवाजच नाही. ते बेटी नॉइस गायली आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नाही! शिवाय कॅथी लीनाचे संवाद बोलते तो आवाज लीना झालेल्या जीन हेगनचाच. म्हणजे ज्या बाईच्या आवाजाची सिनेमाभर टर उडवली, तिचाच खरा आवाज गोड निघाला.

डेबी तेव्हा एकोणीस वर्षांची, नाचातली नवखी. एका नाचाच्या शूटिंगनंतर तिच्या पायांतून रक्त आलं होतं. पावसातलं ते प्रसिद्ध गाणं नायक झालेल्या जीन केलीने अंगात १०३ ताप असताना केलं. पडद्यावर मात्र स्वारी डबक्यात पोरासारखी उड्या मारते. आई, तू असतीस तर आधी टॉवेल घेऊन धावली असतीस.

शेवटाकडे एक लांबलचक नाच आहे, कथेशी त्याचा फारसा संबंध नाही. मला तो जरा ताणलेला वाटला. तेव्हा खुशाल चहा टाक. मात्र हिरव्या पोशाखातली नर्तकी सिड चॅरिस आली की बाबा काही चहाला उठायचे नाहीत, त्यांचा कप तिथेच नेऊन दे.

बाकी क्षेम.
तुमची,
मनू