वीस टक्क्यांचा करार

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

युनियनची वर्गणी भरू की नको, असं तू फोनवर विचारलंस आणि मी 'बघ तुझं तू' म्हणून मोकळा झालो. मग रात्री झोप लागेना. तुझ्या त्या स्वीडनचाच एक वेल्डर डोक्यात घोळत होता. स्टेफान लोवेन. उच्चार चुकला असेल तर तूच सुधार.

जन्म 1957 चा, स्टॉकहोमचा. वडील आधीच वारलेले, आईला सांभाळणं झेपेना. दहा महिन्यांच्या या पोराला सोलेफ्तिओ गावाजवळच्या एका घरानं वाढवलं. तिथला बाप लाकूडतोड्या, कारखान्यातही राबलेला. पोरगा विद्यापीठात समाजकार्य शिकायला गेला, ते मधेच सोडलं. वेल्डिंग मात्र रीतसर शिकला, 48 आठवडे! आम्हाला उस्तादानं चार दिवस नुसतं बघायला लावलं आणि पाचव्या दिवशी हातात वेल्डिंगचा होल्डर दिला. पुढे तो अर्नशोल्ड्सविकच्या हेग्लुंड्स कारखान्यात लागला, कामगारांचा प्रतिनिधी झाला. 2006 मध्ये दोन कामगार संघटना मिळून 'ईफ मेटाल' झाली, तिचा पहिला अध्यक्ष हाच.

मला अडतं ते 2009 पाशी. मंदीत ऑर्डरी आटल्या, माणसं घरी जायला लागली. मार्चमध्ये यानं मालकांच्या संघटनेशी करार केला: त्या त्या कारखान्यात युनियन कबूल असेल तर कामाचे तास कमी करायचे, पगारही कापायचा, पण 20 टक्क्यांच्या वर नाही, आणि तेही काही काळापुरतंच. इतर संघटनांतून टीका झाली. आपल्याच माणसांचा पगार कापून द्यायची सही म्हणजे काय, ते मी जाणतो.

आमच्याकडेही असाच प्रस्ताव आला होता. गेट मीटिंगला 'एक रुपया सोडणार नाही' म्हणून पहिला हात मी वर केला. आठ महिन्यांनी टाळं लागलं. तू दुसरीत होतीस. तुझी रिक्षा बंद करून मी सायकलवरून सोडायला लागलो, तेव्हा तुला मजा वाटली होती. सही केली असती तर कंपनी वाचलीच असती असं नाही. मालकानं शब्द पाळला असता का, कोण जाणे. पण ऑर्डरी किती, तोटा किती, हे आम्ही कुणी विचारलंसुद्धा नाही.

लोवेन 2012 मध्ये, खासदार नसतानाच, सोशल डेमोक्रॅट पक्षाचा अध्यक्ष झाला, 2014 ला पंतप्रधान. जून 2021 मध्ये नव्या घरांच्या भाड्यावरून डाव्या पक्षानं पाठिंबा काढला आणि अविश्वास ठरावात सरकार पडलं. स्वीडनच्या पंतप्रधानावर अशी वेळ पहिल्यांदाच आली. सोळा दिवसांनी त्याच संसदेनं त्याला पुन्हा निवडलं! नोव्हेंबरात मग तो आपणहून बाजूला झाला. हे राजकारण मला फारसं कळत नाही, पण वाटाघाटीला बसायची सवय कारखान्यातलीच असणार.

वर्गणीचं म्हणशील तर भर. आणि पहिल्या मीटिंगला गेलीस की एक चौकशी कर. तिकडे अशा करारावर सही करण्याआधी कंपनीचा हिशेब कामगारांपुढे ठेवतात का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुझे,
बाबा