भातकापणीनंतरची शेती आणि बंद पडलेले कोंडवाडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोकाट जनावरांच्या बातम्या छापून येतात त्या बहुतेक महामार्गावरच्या असतात. रात्री डांबरावर बसलेली गुरे, त्यांना धडकलेली दुचाकी, नगरपरिषदेची गाडी. प्रश्न खरा आहे. पण कोकणात उनाड गुरांनी केलेल्या सर्वात मोठ्या नुकसानीची बातमी कधी होत नाही, कारण ते नुकसान न पेरलेल्या शेतांचे आहे. त्याचा पंचनामा करायला कोणी येत नाही.

भात कापून झोडले की गुरे दाव्यातून सुटतात. पावसाळ्यात त्यांच्यामागे गुराखी असतो, तुळशीच्या लग्नानंतर कोणीच नसते. नेमकी त्याच वेळी मळ्याच्या, म्हणजे सखल भातशेतीच्या, जमिनीत ओल असते आणि त्या ओलीवर कुळीथ, कडवे वाल, पावटा, चवळी, हरभरा ही पिके येऊ शकतात. कुळथाला तीन-साडेतीन महिने लागतात, वालाला थोडे जास्त. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च एवढा काळ मळा राखला गेला पाहिजे. पंचवीस खातेदारांच्या मळ्यात एकट्यानेच पेरले, तर सुकलेल्या खोऱ्यात हिरवा तुकडा तेवढा एकच उरतो आणि अख्ख्या वाडीची गुरे त्यावरच येतात. पुढच्या वर्षी तोही पेरत नाही. दुबार पीक न घेण्याचे खापर आळसावर आणि मुंबईच्या ओढीवर फोडले जाते. या गुरांचा हिशेब त्यात कोणी धरत नाही.

‘ज्याने त्याने कुंपण घालावे’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. ते गणितात बसत नाही. चौरस आकाराचा दहा गुंठ्यांचा तुकडा घेतला तर परीघ सुमारे १२७ मीटर होतो, म्हणजे गुंठ्याला पावणेतेरा मीटर वई. एक एकराला परीघ २५४ मीटर, गुंठ्याला साडेसहा मीटरच्या आत. आणि दहा एकरांच्या अख्ख्या मळ्याला एकच कुंपण घातले तर साधारण ८०५ मीटर, गुंठ्याला जेमतेम दोन. आपल्याकडचे तुकडे तर चौरसही नसतात, लांब पट्ट्यासारखे असतात. त्यामुळे लहान खातेदारावरचा भार आणखी वाढतो. काट्यांची वई एका पावसाळ्यात कुजते. जांभ्या दगडाचा गडगा (रचीव बांध) टिकतो, पण कमरेइतका गडगा शेळीला अडवत नाही, आणि एक चिरा ढासळला की गुरे तीच वाट रोज धरतात.

गुरांनी पीक खाल्ले तर भरपाई कुठून मिळते? प्रधानमंत्री पीक विमा योजनेत पाळीव जनावरांनी चरलेले पीक बसत नाही. वनविभागाची भरपाई रानडुक्कर, गवा, माकड अशा वन्यप्राण्यांपुरती आहे. शेजाऱ्याच्या बैलाने खाल्लेल्या वालासाठी दार एकच, ते म्हणजे पकडलेली मोकाट गुरे कोंडून ठेवायचा गावचा कोंडवाडा. आणि बहुतेक गावांत तो छप्पर कोसळून, रान माजून पडला आहे.

कायदा मात्र जुना आणि बारकाईने रचलेला आहे. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा ही त्याची पायाभरणी. पुढे ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ ने कोंडवाडा उभारण्याचे आणि चालवण्याचे काम पंचायतीकडे दिले. पंचायतीच्या कोंडवाड्यातील शुल्क आणि मुदती १८७१ च्या कायद्याहून वेगळ्या असू शकतात, म्हणून त्या ग्रामसेवकाकडून लेखी घ्याव्यात. पण कामाच्या पायऱ्या आणि त्यांमागचा विचार १८७१ च्या मजकुरात स्पष्ट दिसतो, म्हणून तो इथे सांगतो.

कलम १० प्रमाणे आपल्या जमिनीत शिरून पिकाचे किंवा जमिनीचे नुकसान करणारे जनावर शेतकरी स्वतः पकडू शकतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. हा अधिकार फक्त सातबारावर नाव असलेल्याला नाही. जमीन कसणारा, ताबा असलेला, पेरणीसाठी रोख रक्कम दिलेला, उभे पीक विकत किंवा गहाण घेतलेला, या सर्वांना तो आहे. म्हणजे आंब्याच्या बागेचे पीक विकत घेणारा व्यापारीही त्यात येतो. हे बागायतदारांनाही फारसे ठाऊक नसते. पकडलेले जनावर २४ तासांच्या आत त्या गावासाठी ठरलेल्या कोंडवाड्यात पोचले पाहिजे. कोणी आडवे आले किंवा जनावर हिसकावून नेऊ लागले तर मागणी केल्यावर पोलिसांनी मदत करायची आहे. हिसकावून नेणाऱ्याला मूळ कलम २४ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

चुका इथेच होतात. पहिली चूक म्हणजे जनावर शेतातून हाकलून रस्त्यावर आणायचे आणि मग पकडायचे. शेतकऱ्याचा अधिकार नुकसान होत असलेल्या जागेपुरता आहे. रस्ता, कालवा, बंधारा यांवरची गुरे पकडणे हे पोलिसांचे आणि त्या त्या कामाची देखरेख करणाऱ्यांचे काम, त्यासाठी कलम ११ वेगळे आहे. दुसरी चूक अधिक महागात पडते. कोंडवाडा बंद म्हणून जनावर स्वतःच्या गोठ्यात दोन-तीन दिवस बांधून ठेवले जाते, ‘मालक आला की बघू’ म्हणून. चोवीस तास उलटले की बेकायदा अडकवणूक केल्याचा आरोप आपल्यावरच येऊ शकतो. जनावर पकडल्यापासून दहा दिवसांत मालकाला न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तिसरी चूक मारहाणीची. कोयता, विष, विजेची तार यांपैकी काहीही वापरले तर बाजू पूर्ण उलटते. जनावराला ठार किंवा अपंग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि कुंपणात सोडलेल्या विजेने माणसे मेली आहेत.

योग्य रीत अशी. जनावर शेतात असतानाच वेळ दिसेल असा फोटो काढावा, त्यात जनावर आणि खाल्लेले पीक दोन्ही यावे. कानातील बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो, तो टिपून घ्यावा. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यावरून नोंदलेला मालक सापडतो. दोन शेजाऱ्यांना साक्षीला बोलवावे. नुकसान ‘बरेच’ असे न लिहिता मोजावे. किती ओळी, किती गुंठे, पीक फुलावर होते की शेंगेवर. ग्रामसेवक किंवा तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, कारण खाल्लेल्या वालाला आठ दिवसांत फूट येते आणि मग काही सिद्ध होत नाही. जनावराला पाणी पाजून कोंडवाड्यात न्यावे. तिथे नोंदवहीत जनावरांची संख्या व वर्णन, आणल्याचा दिवस आणि तास, पकडणाऱ्याचे नाव-पत्ता, माहीत असल्यास मालकाचे नाव-पत्ता हे सगळे लिहिले जाते. त्या नोंदीची नक्कल मिळणे हा पकडणाऱ्याचा हक्क आहे. ती घेतल्याशिवाय परत येऊ नये.

एक गैरसमज दूर व्हायला हवा. कोंडवाड्यात मालक भरतो ती रक्कम नुकसान झालेल्या शेतकऱ्याला मिळत नाही. तो दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च असतो. पिकाच्या भरपाईचा दावा वेगळा, आणि १८७१ च्या कायद्याच्या कलम २९ ने तो हक्क राखून ठेवला आहे. तोपर्यंत नोंदीची नक्कल आणि पंचनामा हेच भांडवल.

आता कोंडवाड्याविषयी. चार भिंती आणि कुलूप म्हणजे कोंडवाडा नव्हे. आत आलेल्या जनावराला चारा-पाणी देणे हे राखणदाराचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्याला लोकसेवक मानले आहे आणि कसूर केल्यास त्यालाही दंड आहे. वीस गुरांचा कोंडवाडा धरला तर गायीमागे साडेतीन चौरस मीटर छपराखाली आणि सात चौरस मीटर उघडी जागा लागते. म्हणजे एकूण सुमारे २१० चौरस मीटर, दोन गुंठ्यांहून किंचित जास्त. जनावरामागे दिवसाला सहा किलो पेंढा, पंधरा किलो हिरवा चारा आणि पन्नास लिटर पाणी धरावे. वीस गुरांना हजार लिटर पाणी रोज. मार्च-एप्रिलमध्ये ज्या वाडीला टँकर लागतो तिथे हे आधी बघावे. वळू वेगळा बांधायची सोय हवी, शेळ्यांना वेगळा कप्पा हवा, आणि आजारी जनावरांसाठी जागा बाजूला, दूर हवी. २०२२ मध्ये गुरांच्या लंपी त्वचारोगाने काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. माश्या, डास, गोचीड यांच्यातून पसरणारा रोग गर्दीच्या कोंडवाड्यातून साऱ्या गावात जाईल.

दंडाच्या दरावर सगळे अडते. १८७१ च्या मूळ तक्त्यात म्हशीला आठ आणे, गाय-बैलाला चार आणे, शेळी-मेंढीला एक आणा होता. नंतर दर ठरवण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला गेला. दर मात्र अनेक ठिकाणी काळाबरोबर वाढलेच नाहीत. दंड आणि चाऱ्याचा आकार (शुल्क) मिळून एका दिवसाच्या चाऱ्याच्या किमतीहून कमी असेल, तर कोंडवाडा म्हणजे गुरांना स्वस्तात खाऊ घालण्याची सोय होते. मालक चौथ्या दिवशी हसत येऊन सोडवून नेतो. नोंदणीकृत गोशाळांना देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये देण्याचा निर्णय राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला. चाऱ्याचा आकार त्याहून कमी ठेवणारी पंचायत पदरमोड करते आहे, आणि पदरमोड फार दिवस चालत नाही. आमच्या मते दंड दुसऱ्या खेपेला दुप्पट, तिसऱ्या खेपेला त्याहून जास्त असा चढता असावा. दर आणि आकार कोंडवाड्यावर ठळक लावणे कायद्यानेच सांगितले आहे.

मालक आलाच नाही तर? १८७१ च्या कायद्यात आठवडाभर वाट पाहून पोलीस ठाण्याला कळवायचे, तिथे सूचना लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी द्यायची आणि आणखी सात दिवसांनी जाहीर लिलाव करायचा, असा क्रम आहे. म्हणजे एका बेवारस बैलामागे किमान चौदा दिवसांचा खर्च, सहा किलोप्रमाणे ८४ किलो नुसता पेंढा. पूर्वी लिलावात तो वसूल होई. मार्च २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. नांगर ट्रॅक्टर ओढू लागल्यावर थकलेल्या बैलाला लिलावात बोली कोण लावणार? रास्त किंमत येणार नसेल तर अन्य व्यवस्था करण्याची मुभा मूळ कायद्यात होती. आज तिचा अर्थ गोशाळा एवढाच उरतो. म्हणून कोंडवाडा उघडण्याआधी पंचायतीने जवळच्या गोशाळेशी लेखी करार केलेला बरा. तो नसेल तर पहिले बेवारस जनावर आले की कोंडवाडा पुन्हा बंद.

गुरे सोडणारे सगळे बेफिकीर नाहीत. घरात दोन म्हातारी माणसे, चार गुरे आणि मुले मुंबईला, अशा घराने गुराखी कुठून आणावा? त्यांना फक्त दंड लावणे अन्यायाचे होईल. पूर्वी वाडीत पाळीने गुरे राखत. आता पाळी शक्य नसेल तर जनावरामागे वर्गणी ठरवून नोव्हेंबर ते मार्च एकच गुराखी ठेवावा आणि गुरांना मळ्याबाहेरचा सडा (कातळाचे माळरान) किंवा गायरान नेमून द्यावे. सवयीने मळ्यात शिरणाऱ्या चार-दोन गुरांच्या गळ्यात लोढणे बांधावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी केली तेव्हा विळ्याने गवत कापून न्यायला मुभा ठेवली होती. बंदी टिकली ती या मुभेमुळे.

वेळेचा मुद्दा शेवटचा, पण सर्वात निकडीचा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कोंडवाड्याचा ठराव आला तरच तुळशीच्या लग्नाआधी छप्पर, राखणदार आणि दरफलक तयार होतो. २६ जानेवारीच्या सभेत तो आला तर वाल केव्हाच खाऊन झालेले असतात. ठरावात कोंडवाड्याची जागा, राखणदाराचे मानधन, दंडाचे चढते दर, चारा-पाण्याचा रोजचा आकार, गोशाळेचे नाव आणि मळ्यात गुरे सोडण्यास मनाई असलेल्या तारखा, एवढे सगळे लिहिलेले असावे. आपल्या दैनिकाने सप्टेंबरात जिल्ह्यातील चालू आणि बंद कोंडवाड्यांची तालुकावार यादी पंचायत समित्यांकडून मिळवून छापावी, ही विनंती.

आपले,
रब्बी पिके घेऊ पाहणारे काही शेतकरी,
तालुका संगमेश्वर, जि. रत्नागिरी