यंत्राला अनुदान मिळाले, पण पहिले गिऱ्हाईक गावाने दिले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण भागातील लघुउद्योगांसाठीच्या शासकीय योजनांच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित येतात आणि त्या आमच्या गावात वाचल्याही जातात. त्या वाचून आसपासच्या गावांतील भगिनी आमच्याकडे चौकशीला येतात, कारण वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात आमचा अकरा महिलांचा बचत गट गेली चार वर्षे तुरीची लहान डाळ मिल चालवीत आहे आणि मी त्या गटाची सचिव आहे. येणाऱ्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न असतो, ‘अनुदान किती भेटलं?’ आमची पहिली एक क्विंटल डाळ कोणी विकत घेतली, हे मात्र अद्याप एकीनेही विचारलेले नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे धंदा टिकतो की बसतो हे त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आम्ही डाळीकडे कसे वळलो ते आधी सांगते. आमच्या वावरांत कपाशीच्या आणि सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर असतेच. ती जानेवारी-फेब्रुवारीत निघते, पोत्यांत भरून हिंगणघाटच्या किंवा नागपूरच्या कळमना बाजारात जाते आणि काही महिन्यांनी झिलई केलेल्या डाळीच्या पुड्यांतून आमच्याच किराणा दुकानात परत येते. एक क्विंटल तुरीपासून आमच्या यंत्रावर साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ निघते आणि उरते ती चुनी व टरफल, म्हणजे जनावरांचे खाद्य. गटाच्या एका बैठकीत आम्ही हिशेब मांडला, तेव्हा आपण तूर विकतो, डाळ विकत घेतो आणि वर म्हशीसाठी चुनीही पैसे मोजून आणतो, हे पहिल्यांदा कागदावर दिसले. आमच्या सासवा जात्यावर तूर भरडून घरची डाळ करीत असत, त्यामुळे काम अनोळखी नव्हते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खेड्यात चालेल अशी मिनी डाळ मिल विकसित केली आहे, हे कृषी सहायकांकडून कळले आणि आमचे ठरले.

यंत्रासाठी आम्ही केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत अर्ज केला. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत आमच्या अर्जाच्या वेळी प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान होते आणि किमान १० टक्के रक्कम आपली घालावी लागे. अनुदान हातात रोख मिळते हा मोठा गैरसमज आहे. ते कर्जखात्याशी जोडून बँकेतच राहते आणि हप्ते नियमित भरले तर तीन वर्षांनंतर कर्जात वळते होते. नोंदण्यांविषयीही सांगायला हवे, कारण या नावाखाली भोळ्या माणसांकडून हजार-दोन हजार रुपये उकळले जातात. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि लहान अन्नउद्योगाच्या अन्नसुरक्षा नोंदणीसाठी वर्षाला १०० रुपये शुल्क आहे. प्रशिक्षणही जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत विनामूल्य होते.

ज्या बँक शाखेत आमचे प्रकरण होते, तिने आम्हाला दसऱ्यापासून होळीपर्यंत फिरविले. प्रत्येक खेपेला नवा कागद मागितला जाई आणि प्रत्येक खेपेला दोघींची दिवसभराची मजुरी बुडे. पुढे अधिकारी बदलले, नवे साहेब एकदा गावात येऊन शेड पाहून गेले आणि पंधरा दिवसांत मंजुरी आली. तोवर तुरीचा हंगाम मात्र निघून गेला होता आणि पहिले वर्ष वाया गेले. हंगामी मालाच्या उद्योगाचे प्रकरण हंगामाआधी निकाली निघाले नाही, तर पुढची मंजुरी जवळपास नकारासारखीच असते, हे संबंधितांनी ध्यानात घ्यावे.

यंत्र आले आणि खरी अडचण पुढे आली. ती खेळत्या भांडवलाची. तूर घ्यायची जानेवारी-फेब्रुवारीत, डाळ करायची मार्च ते मे या उन्हाच्या महिन्यांत आणि ती विकायची वर्षभर. २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या ८,००० रुपयांच्या हमीभावाने चाळीस क्विंटल तूर घ्यायची म्हटली, तरी एकदम ३ लाख २० हजार रुपये मोकळे हवेत. शेतमजुरी करणाऱ्या अकरा बायांजवळ एवढी रक्कम कुठून असणार? यंत्राच्या कर्जावर चर्चासत्रे होतात, मात्र यंत्रात घालायच्या मालाच्या पैशाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. बचत गटाचे अंतर्गत कर्ज आणि ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत जोडलेले बँक कर्ज यांतून आमची निम्मीच गरज भागत होती.

उरलेली निम्मी गरज गावातल्या नऊ शेतकऱ्यांनी भागविली. त्यांनी आम्हाला तूर दिली, निम्मे पैसे लगेच घेतले आणि निम्मे मृगाच्या आत, म्हणजे बियाणे-खताच्या खरेदीआधी, द्यायचे ठरले. आम्ही त्यांना बाजार समितीच्या त्या दिवसाच्या दराने पैसे देण्याचे कबूल केले. बाजारात नेण्याचे भाडे व हमाली त्यांची वाचली आणि वजन त्यांच्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रॉनिक काट्यावर झाले. कोणतेही तारण नव्हते, एका दोनशे पानी वहीत तारीख, वजन, दर आणि सही एवढेच. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस शेवटच्या शेतकऱ्याचे पैसे चुकते केले, तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंनी त्या पानावर हळदी-कुंकू वाहिले. दुसऱ्या वर्षी नऊचे सतरा शेतकरी झाले.

स्थानिक पाठिंबा म्हणतात तो मला असाच दिसला. मिलच्या उद्घाटनाला मान्यवर आले, शाल-श्रीफळ झाले, त्या सर्वांविषयी मनात कृतज्ञताच आहे. परंतु धंद्याला आधार दिला तो मृगापर्यंत थांबलेल्या त्या शेतकऱ्यांनी, आणि वाळवणासाठी आपले अंगण मोकळे करून देणाऱ्या शेजारणींनी. तुरीला वरचे साल सुटण्यासाठी आधी यंत्रावर ओरखडे पाडावे लागतात, मग तेल-पाणी लावून रात्रभर ढीग झाकून ठेवावा लागतो आणि नंतर कडक उन्हात वाळवावे लागते. आमच्या शेडपुढे जेमतेम दोन क्विंटलची जागा होती. एप्रिलमधल्या एका दुपारी सात क्विंटल तूर चार अंगणांत आणि मंदिराच्या ओट्यावर पसरलेली असताना वावधन सुटले आणि पश्चिमेकडून काळे आभाळ चढून आले. आमच्यापैकी सहा जणी शेतावर होत्या. आम्ही हाक मारण्याआधीच गल्लीतल्या बाया ताडपत्र्या, सतरंज्या, एकीने तर नवी रजई घेऊन धावल्या. शाळेतून परतणाऱ्या पोरांनी पाट्यांनी तूर ओढली. पाऊस आला तेव्हा फार तर वीस-पंचवीस किलो दाणा भिजला असेल. त्या बायांपैकी एकही आमच्या गटाची सभासद नव्हती.

याच गावाने आमची चूकही दाखवून दिली, तेही सांगितले पाहिजे. सुरुवातीच्या एका हंगामात, माल लवकर बाजारात जावा या घाईत, आम्ही शेवटचे वाळवण एका दिवसाने कमी केले. जुलैत पाऊस लागला आणि पुड्यांमध्ये किडे झाले. आमचे किराणा दुकानदार संध्याकाळी दुकान बंद केल्यावर स्वतः चौदा पुडे घेऊन घरी आले आणि म्हणाले, ‘ताई, गिऱ्हाइकाले मी सांभाळतो, पण हे कसं झालं थे आधी पाहा.’ चार लोकांत बोभाटा करून ते माल बंद करू शकले असते. आम्ही ते पुडे बदलून दिले, उरलेला साठा पुन्हा उन्हात घातला आणि तेव्हापासून पोते शिवण्याआधी प्रत्येक ढिगातील दाणा दाताखाली धरून पाहतो. तो कट्कन तुटला पाहिजे, दबला तर माल पुन्हा उन्हात. तक्रार तोंडावर करणारे आणि सुधारणेला वेळ देणारे गिऱ्हाईक नव्या धंद्याला लाखाच्या अनुदानाहून मोलाचे वाटते.

उधारीबद्दल मात्र गावकऱ्यांना हात जोडून सांगावेसे वाटते. आपल्याच गावचा धंदा आहे, पैसे काय पळून जातात, या आपुलकीच्या बोलण्याने कितीतरी लहान दुकाने आणि पिठाच्या गिरण्या बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत. शहरातून आलेल्या पुड्याचे पैसे आपण जागेवर मोजतो आणि ओळखीच्या बाईचे दिवाळीला देऊ म्हणतो. आम्ही दुसऱ्या वर्षापासून उधारी बंद केली. ज्यांच्याजवळ रोख नसते त्यांना तूर घेऊन येण्यास सांगतो आणि दर किलोमागे मजुरी घेऊन डाळ करून देतो; मजुरी द्यायचीही सोय नसेल तर चुनी आमच्याकडे राहते. उन्हाळ्यात वर्षभराचे धान्य भरण्याची आपल्याकडील रीत अजून टिकून आहे, त्यामुळे या कामातूनच आमच्या विजेचे बिल आणि बँकेचा हप्ता बराचसा निघतो. सुरुवातीला चार जणी रागावल्या, पण त्यांतल्या तिघी आता दर एप्रिलला तूर घेऊन येतात.

गावाने एवढे केल्यावर पुढची पायरी सार्वजनिक संस्थांच्या हातात आहे, आणि माझी मुख्य मागणी तीच आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज २० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे ३० ग्रॅम डाळ-कडधान्याचे प्रमाण ठरलेले आहे. प्राथमिकची एक हजार मुले धरली तरी रोजचे २० किलो आणि शाळेचे दोनशे दिवस धरल्यास वर्षाचे ४० क्विंटल होतात. त्यात मूग, मटकी, मसूर हेही आले, हे मान्य; परंतु तुरीचा वाटा अर्धा जरी धरला, तरी वीस क्विंटल डाळ म्हणजे आमच्यासारख्या एका गटाच्या वर्षाच्या विक्रीचा मोठा भाग होतो. आज हा माल जिल्ह्यासाठी निविदेतून नेमलेल्या पुरवठादाराकडून येतो. त्या निविदेच्या अटी, उलाढाल आणि अनामत पाहता अकरा बायांच्या गटाने तिच्याकडे बघूही नये. ज्या शाळेच्या कुंपणाला लागून तूर उभी असते, त्या शाळेच्या पोरांच्या ताटात दुसऱ्या प्रांतातून आलेली डाळ वाढली जाते, हे दर दुपारी पाहताना वाईट वाटते.

हे बदलता येणार नाही असे नाही. अंगणवाडीतील पूरक आहारासाठी कंत्राटदार वापरू नयेत आणि तो निधी शक्यतो ग्रामसमुदाय, बचत गट व महिला मंडळांमार्फत खर्च व्हावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजीच दिलेला आहे. तेच तत्त्व शाळा, आश्रमशाळा आणि शासकीय वसतिगृहे यांच्या डाळ, हळद, तिखट अशा मोजक्या मालाला लावावे. सगळी खरेदी नको, एक ठरावीक हिस्सा तालुक्यातील नोंदणीकृत गटांसाठी राखून ठेवावा. गुणवत्तेची तपासणी जरूर करावी, आमचा माल नापास झाला तर परत पाठवावा, पण पास झालेल्या मालाचे पैसे तीस दिवसांत द्यावेत. आम्ही एका संस्थेला माल दिला होता, त्याचे पैसे सात महिन्यांनी मिळाले. मोठा पुरवठादार सात महिने थांबू शकतो. आमच्याकडे तेवढ्यात मृग येऊन जातो आणि शेतकऱ्यांना दिलेला शब्द मोडतो.

हळदीचे उदाहरण आमच्याच तालुक्यातले आहे. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आम्हा सर्वांना अभिमानाची गोष्ट. पण शेतकरी ती हळकुंडांच्याच रूपात विकून मोकळा झाला, तर दळण्याची, पुडीची आणि नावाची किंमत दुसऱ्याच गावी जमा होते. ज्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि हिशेबतपासनीस म्हणून शिकलेले गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ यांचा बारीकसारीक हिशेब मांडला, त्या जिल्ह्यात तरी माल गावातच तयार करून विकण्याचा हा विचार नवा वाटू नये.

आपल्याकडेही एक विनंती आहे. आपल्या बाजारभावाच्या स्तंभात तुरीचा दर रोज छापून येतो आणि शेतकरी सकाळी सर्वांत आधी तोच पाहतो. त्याच ओळीत त्या दिवसाचा तूरडाळीचा किरकोळ दर आणि चुनीचा दरही छापावा. तूर विकून टाकायची की काही पोती डाळीसाठी मागे ठेवायची, याचा हिशेब मग प्रत्येक घरात होऊ शकेल. तुरीची आवक जानेवारीत सुरू होते. हे तीन दर एकत्र छापायला डिसेंबरपासून सुरुवात झाली, तर यंदाच्या मालासाठीच त्याचा उपयोग होईल.

आपली नम्र,
एका महिला बचत गटाची सचिव,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा