ओताँच्या दारावरचा गिलावा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातल्या ओताँ या लहानशा गावी जाऊन आलो. खिद्रापूरला कोपेश्वराच्या मंडपात तू खांबाखांबाशी रेंगाळत होतास आणि मी घाई करीत होतो, त्याची भरपाई इथे पुरेपूर केली.

संत लाझारचे हे कॅथेड्रलही कोपेश्वरासारखेच बाराव्या शतकातले. पश्चिमेच्या दारावर, अर्धवर्तुळाकार शिल्पपटात, अंतिम न्यायाचा, म्हणजे जगाच्या शेवटी मृतांच्या होणाऱ्या निवाड्याचा, देखावा कोरला आहे: मधोमध प्रचंड ख्रिस्त, आणि बाजूला आत्मे तोलणारा तराजू, ज्याचे पारडे खाली ओढायला एक सैतान लोंबकळतो आहे. थडग्यांतून उठणाऱ्यांच्या रांगेत दोन यात्रेकरू दिसतात. न्यायाच्या दिवशीही त्यांच्या झोळ्या सुटलेल्या नाहीत, एकीवर शिंपला आणि दुसरीवर क्रूस, या यात्रेच्या खुणा. त्याच रांगेत एका पाप्याचे मुंडके दोन अवाढव्य पंजांनी धरले आहे, आणि ते पंजे कोणाचे हे शिल्पकाराने दाखवलेलेच नाही.

1766 साली इथल्या धर्मगुरूंना हे सारे ओबडधोबड वाटले. त्यांनी त्यावर गिलावा चढवला, आणि ख्रिस्ताचे डोके त्यातून पुढे येत होते म्हणून तेवढे काढून टाकले. पुढे क्रांतीच्या धामधुमीत फ्रान्सभर देवळांतली शिल्पे फुटली, हा पट मात्र गिलाव्याआड सुखरूप राहिला. 1837 मध्ये गिलावा काढला गेला. डोके 1948 मध्ये जागेवर आले. उत्तर दारावरची, मागे न पाहताच फळ खुडणारी हव्वा एका घराच्या भिंतीत दगड म्हणून गेली होती, ती 1856 मध्ये घर पाडताना सापडली.

ख्रिस्ताच्या पायाखाली ‘हे गिस्लेबेर्तुसने केले’ अशी लॅटिन अक्षरे आहेत. तो शिल्पकार की आश्रयदाता, यावर विद्वानांत वाद आहे. मला विचारशील तर तो पाथरवटच.

माझे मन मात्र अडकले ते एका स्तंभशीर्षात. मूळची बरीच स्तंभशीर्षे आता वरच्या दालनात ठेवली आहेत, त्यामुळे ती नजरेच्या उंचीवर दिसतात. बाल येशूच्या दर्शनाला आलेले बायबलच्या कथेतले तीन राजे एकाच गोल, घड्याघड्यांच्या पांघरुणाखाली मुकुटांसकट झोपले आहेत. देवदूत एका हाताने तारा दाखवतो आहे आणि दुसऱ्या हाताच्या एकाच बोटाने एका राजाच्या हाताला हलकेच स्पर्श करतो आहे. दोघे गाढ झोपेत आहेत, फक्त त्या एकाचे डोळे उघडले आहेत.

तुझा मित्र